मधलं नाव

१० जुलै, रात्रीचे साडेअकरा

उद्या पहाटे सव्वापाचला पहिलं नाव वाचायचं आहे. झोपायला हवं, पण आजचं लिहिल्याशिवाय डोळा लागणार नाही.

गेले पंधरा दिवस आम्ही सगळे एका आकड्याभोवती फिरतोय. ८,३७२. बोस्नियातल्या पोतोचारीच्या स्मारकात हा आकडा दगडावर कोरलाय आणि त्याच्यापुढे टिंबं आहेत, कारण तो अंतिम नाही. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात मारलेली ही माणसं, बहुतेक सगळे पुरुष आणि मुलगे. त्यांचीच नावं उद्या आम्ही मैदानावर मोठ्यानं वाचणार आहोत. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्येच ते गाव ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलं होतं. पुरावा राहू नये म्हणून नंतर यंत्रांनी कबरी उकरून प्रेतं दुसरीकडे नेऊन पुरली. म्हणून एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या कबरींत सापडतात. नातेवाइकांच्या रक्तावरून डीएनए जुळवून ओळख पटवतात आणि दर ११ जुलैला नव्यानं ओळख पटलेल्यांचं दफन होतं. काही घरांनी तर पुरलेली कबर पुन्हा उघडली आहे, मागून सापडलेलं हाड आत ठेवायला.

हे सगळं भित्तिपत्रकांवर लिहिताना हात चालत होता. अडलं ते यादीपाशी.

यादीत आडनाव, वडिलांचं नाव, स्वतःचं नाव आणि जन्मसाल. पूर्ण वाचायचं तर एका माणसाला पाच सेकंद, म्हणजे साडेअकरा तासांहून थोडं जास्तच. मैदान आम्हाला संध्याकाळी पाचपर्यंतच मिळालं. सकाळी नऊला सुरू करायचं ठरलं होतं, त्यामुळे बैठकीत सूचना आली की वडिलांची नावं गाळू, सात तासांत होईल. बरेच जण हो म्हणाले. मीही मान डोलावली.

मग रात्री माझ्या वाट्याची पानं घेऊन सरावाला बसले. एक नाव वाचलं. त्याच्या खाली, त्याच आडनावाची आणखी तीन नावं, आणि तिघांच्याही मधे तेच वर वाचलेलं नाव. जन्मसालं पाहिली. मी तिथेच थांबले. ते मधलं नाव काढलं असतं तर हे चौघं नुसते एका आडनावाचे चार लोक झाले असते. ज्यांनी मारलं त्यांनी घरंच्या घरं संपवली, आणि आपण वेळ वाचवायला तेवढाच धागा कापायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी ते पान मी सगळ्यांना वाचून दाखवलं. वाद झाला नाही. सव्वापाचला सुरुवात, ४७ वाचक, प्रत्येकी १८० नावं, शेवटच्याला उरतील तेवढी. पहाटेच्या पाळ्या कुणी घ्यायच्या यावर मात्र बराच वेळ गेला. शेवटी सगळ्यांत आधी हात वर केला तो ‘इतक्या लांबचं आपण कशाला करायचं’ असं विचारणाऱ्यानं.

आज दुपारभर उच्चार. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वर्षानुवर्षं माती झालेल्या माणसाचं नाव हाडांवरून शोधून काढायचं आणि आपण ते चुकीचं हाक मारायचं, हे बरं नाही. ‘स्रेब्रेनिका’ नाही, शेवटचा ‘त्सा’ म्हणजे आपल्या ‘चाक’मधला चा. आणि हसानोविच, सालिहोविच यांतला च ‘चिमणी’मधला. एवढं सांगितल्यावर सगळ्यांना पटकन जमलं.

पांढरी, अकरा पाकळ्यांची, मधे हिरवी अशी विणलेली फुलं, स्रेब्रेनित्साच्या आठवणीची खूण, पिशवीत भरून ठेवलीत. वाचकांनी छातीवर लावायची.

निवेदनाच्या कागदावर शेवटी ‘८,३७२ नावं पूर्ण झाली’ असं कुणीतरी लिहिलं होतं. ‘पूर्ण झाली’ मी खोडलं. आकड्यापुढे टिंबं दिली.

माझी पाळी नववी, सव्वासातची. ते चौघं माझ्या दुसऱ्या पानावर आहेत.