६४१ ने भाग जातो

आज जेवण झाल्यावर कोरा कागद घेतला आणि ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भागायला बसले. उत्तर कितीतरी वर्षं माहीत आहे, पण हाताने कधी केलं नव्हतं.

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. म्हणजे २ चा बत्तिसावा घात अधिक १. अशाच घडणीच्या, म्हणजे २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात अधिक १ अशा, ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही संख्या मूळ आहेत, म्हणून पुढच्याही तशाच असणार असं फर्मा या गणितज्ञाला १६४० च्या सुमारास वाटलं. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने ६४१ हा विभाजक दाखवला. त्याने वाटेल त्या संख्येने भागून पाहिलं नव्हतं. या संख्येचा मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे, हे त्याने पुढे सिद्धही केलं. मग तपासायला १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. पाचव्यालाच सापडतो!

माझा भागाकार असा झाला. ४२९४ मधून सहा वेळा, बाकी ४४८. वरून ९ उतरवला, ४४८९, सात वेळा, बाकी फक्त २. मग दोन शून्यं. मग ४, मग १, आणि बाकी पुन्हा तीच, ४४८. या वेळी वरून उतरला तो ७. ४४८७ म्हणजे नेमकं सात वेळा ६४१. बाकी शून्य. मघाशी याच जागी दोन उरले होते. मी पेन खाली ठेवून थोडा वेळ नुसती त्या दोन ओळींकडे बघत राहिले. भागाकार ६७००४१७, आणि तो मूळ आहे.

पण भाग का जातो, हे भागाकारातून कळत नाही. ते ६४१ च्या दोन रूपांत आहे. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. ६४१ च्या हिशेबात, म्हणजे ६४१ ने भागल्यावरची बाकीच फक्त बघितली तर, ६४० म्हणजे उणे १. त्याचा चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात, आणि तो १ शी जुळतो. आता दुसरं रूप: ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. म्हणून ६२५ च्या जागी उणे १६, म्हणजे उणे २ चा चौथा घात. अठ्ठावीस नि चार बत्तीस. २ चा बत्तिसावा घात उणे १ शी जुळला, त्यात १ मिळवला की शून्य. भागाकार न मांडता! हे मला दर वेळी पहिल्यांदाच कळल्यासारखं वाटतं.

झोप येईना म्हणून वर्गांची बेरीज घेतली. ही संख्या ६५५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहे, हे उघडच आहे. पण ६२२६४ आणि २०४४९ यांच्या वर्गांचीही तीच बेरीज येते. मूळ संख्येला अशा दोन जोड्या असूच शकत नाहीत. दुसरी जोडी येते कुठून? ६४१ म्हणजे २५ आणि ४ यांचे वर्ग, ६७००४१७ म्हणजे २५५६ आणि ४०९ यांचे. या दोन जोड्यांचे तिरपे गुणाकार घेतले. २५ गुणिले ४०९ केलं, १०२२५. ४ गुणिले २५५६ केलं, १०२२४. बेरीज २०४४९, दुसऱ्या जोडीतला. वजाबाकी १, पहिल्या जोडीतला.

तो शेवटचा ‘अधिक १’ इथून आला होता. कागदावर त्याच्याभोवती गोल केला आहे.