बाबांचे पाच ठिपके

आमच्या जर्मनटाउनला महापौर नाही, नगरसेवक नाही, मुळात नगरपालिकाच नाही. वस्ती नव्वद हजारांच्या वर, पण कागदोपत्री हे शहरच नव्हे. दिवाबत्ती, रस्त्यावरचा बर्फ, शाळा, बागा, सगळं अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातली माँटगोमेरी काउंटी बघते. गेल्या उन्हाळ्यात बाबा कोथरूडहून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "मग बागेतला झोपाळा तुटला तर कुणाला धरायचं?"

"काउंटीला."

"म्हणजे जिल्हा परिषदेला?"

साधारण तसंच. जिल्हा परिषद आणि महापालिका एकाच अंगरख्यात घातल्यासारखं.

खरं तर ते इतकंही सरळ नाही, हे मलाच नंतर कळलं. पोहण्याचे तलाव, मुलांची शिबिरं, ज्येष्ठांचे वर्ग बघतं काउंटीचं रिक्रिएशन खातं. जमीन, झाडं, मैदानं, पायवाटा मात्र माँटगोमेरी पार्क्सकडे, आणि ते येतं 1927 साली राज्याच्या कायद्याने नेमलेल्या एका आयोगाखाली. हा आयोग आम्ही आणि शेजारची प्रिन्स जॉर्जेस काउंटी मिळून वापरतो. गंमत अशी की कुठे इमारती वाढू द्यायच्या आणि कुठे शेत राखायचं, याचे आराखडेही तिथेच होतात. बागवाले आणि डीपीवाले, म्हणजे विकास आराखडा आखणारे, एका छताखाली! पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या बाबांना हे फारच आवडलं. "आमच्याकडे आराखड्यात बाग हिरव्या रंगात असते, जागेवर जाऊन बघावं तर गॅरेज," ते म्हणाले.

तर, घरामागच्या छोट्या पार्कचं नूतनीकरण निघालं होतं आणि त्यासाठी शाळेच्या कॅफेटेरियात लोकांना बोलावलं होतं. आमच्या सोसायटीतल्या मराठी-तेलुगू-गुजराती मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठराव आधीच पास झालेला: क्रिकेटची नेट पाहिजे. सगळ्यांनी जायचं, एकमुखाने मागायचं.

दारात प्रत्येकाच्या हातात पाच गोल रंगीत स्टिकर दिले. भिंतीला टेकवलेल्या फलकांवर तीन रकाने: खेळणं-पळणं, निवांत बसणं, चार लोक जमणं. ही विभागणी कुणाला त्या संध्याकाळी सुचलेली नव्हती. दाट वस्तीच्या भागांसाठी 2018 साली झालेल्या एका आराखड्यात उद्यानांचा हिशेब याच तीन अनुभवांत केलाय, आणि मोजमापही झोपाळे किती यापेक्षा चालत जाण्याच्या अंतरात काय काय मिळतं याचं आहे. आम्ही इमानदारीत ठिपके पहिल्या रकान्यात डकवले. बाबांनी पाचही ठिपके तिसऱ्यात लावले आणि हात झटकले. ग्रुपवर त्या रात्री मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

नेट मिळणार नव्हतीच म्हणा. तिथल्या प्लॅनर बाईंनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं: पार्कच्या कडेने ओहोळ जातो, त्याच्या काठाच्या पट्ट्यात नवं काही बांधायचं नाही, उलट तिथलं गवत काढून झाडं लावायची आहेत. ओहोळाचं पाणी सेनेका क्रीकमार्गे पोटोमॅक नदीला आणि तिथून चेसापीकच्या उपसागराला मिळतं. म्हणजे आमच्या बॅटिंगच्या आड आख्खा उपसागर आला! क्रिकेटसाठी साउथ जर्मनटाउनच्या मोठ्या पार्कमध्ये मैदान आहे, तिकडे जा. गाडीने, अर्थात.

दुसरं कारण त्यांनी जरा सांभाळून सांगितलं. 2022 च्या ऑक्टोबरात काउंटी कौन्सिलने 'थ्राइव्ह माँटगोमेरी 2050' नावाचा सर्वसाधारण आराखडा मंजूर केला. त्याचा रोख असा की नवी वस्ती मोठ्या रस्त्यांच्या आणि मेट्रो-बसच्या आसपास दाटीने व्हावी. मग बागांचा पैसाही आधी तिकडे वळणार, जिथे लोक फ्लॅटमध्ये राहतात आणि अंगण नावाची गोष्ट नाही. आमच्याकडे प्रत्येक घराला मागे हिरवळ आहे. रांगेत आमचा नंबर मागे.

राग आला. पण घरी येऊन वाचत बसले तेव्हा धागा लागला. 1964 च्या जुन्या आराखड्यातच ठरलं होतं की हमरस्त्यांच्या पट्ट्यांत वाढ होऊ द्यायची आणि मधल्या पाचरी मोकळ्या ठेवायच्या. 1980 साली त्याला दात बसवले: काउंटीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, 93 हजार एकर, शेतीसाठी राखीव. पंचवीस एकरांमागे एकच घर. शेतकऱ्याचं नुकसान नको म्हणून त्याचे बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकायची मुभा दिली. बाबा वाचता वाचता थबकले. "अगं, हा तर टीडीआर!" तोच. मुंबईत तो 1991 च्या नियमावलीत आला. इथे तो शेत वाचवायला वापरला.

पैशाचीही एक साखळी आहे. इथे घर विकलं-घेतलं की किमतीच्या अर्धा टक्का हस्तांतरण कर राज्याकडे जातो, आणि 1969 पासून त्यातून मोकळ्या जागा आणि उद्यानांसाठी निधी मिळतो. तो हवा असेल तर प्रत्येक काउंटीने ठरावीक वर्षांनी आपला उद्यान-आराखडा राज्याला सादर करायचा. म्हणून मग छोट्या पार्कातल्या बाकालाही मोठ्या आराखड्यातल्या कुठल्या तरी उद्दिष्टाची शेंडी बांधावी लागते. हे दस्तऐवज वाचवत नाहीत, ते सोडा. आरोग्य, हवामान, समता, अर्थव्यवस्था, सगळंच प्राधान्याचं, आणि सगळंच प्राधान्याचं असलं की कशालाच प्राधान्य नसतं. शिवाय त्या कॅफेटेरियात संध्याकाळी सात वाजता कोण येऊ शकतं? ज्याच्याकडे गाडी आहे, ज्याची दुसरी पाळी नाही. फ्लॅटमधली, बिनअंगणाची जी माणसं पुढे यायला हवीत, त्यांच्यातलं तिथे मला कुणी दिसलं नाही.

बाबांना मात्र या सगळ्यात खरा आनंद झाला तो जवळच्या ब्लॅक हिल नावाच्या मोठ्या पार्कात. तिथला लिटल सेनेका तलाव, पाचशे एकरांचा, लोक छोट्या होड्या वल्हवतात, मुलं मासे पकडतात. तो मुळात वॉशिंग्टन परिसराचा आणीबाणीचा पाणीसाठा आहे. पोटोमॅक आटली की धरणातून पाणी सोडतात. 1999 च्या दुष्काळात सोडलं होतं. बाबा धरणाची भिंत बघत अर्धा तास उभे. होडीत बसायला तयार नव्हते. "पिण्याच्या पाण्यात कशाला?"

त्या दिवशी कॅफेटेरियातून निघताना प्लॅनर बाईंनी बाबांना विचारलं होतं, पाचही ठिपके तिथे का? बाबांचं इंग्रजी सरकारी पण नेमकं. इथली बाकं सगळी एका रांगेत, समोर झाडाकडे तोंड करून. चौघं शेजारी शेजारी बसून गप्पा मारतात का कधी? दोन बाकं समोरासमोर ठेवा, एवढंच. बाईंनी लिहून घेतलं.

पुढच्या वेळी जो सुधारित नकाशा आला त्यात ओहोळाकाठी झाडांचे गोल होते, पायवाट होती आणि एका कोपऱ्यात समोरासमोर चार चौकोन. काम कधी, ते काउंटीच्या सहा वर्षांच्या भांडवली कार्यक्रमावर, म्हणजे बांधकामांच्या खर्चाच्या यादीवर, अवलंबून. बाबा पुण्याला परतले. दर रविवारी फोनवर नातवाची परीक्षा, माझं वजन आणि हवामान झालं की विचारतात, "बाकांचं काय?"

मी सांगते, झाडं लावलीयत.

"बरं," म्हणतात. "सावली आधी झालेली बरी."