परकीय भाषा पहिलीपासून नको, आठवीपासून हवी

माझी मुलगी सोलापुरातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीपासून फ्रेंच शिकत होती. चौथी संपताना तिला रंगांची आणि वारांची नावे, एक गाणे आणि वीसपर्यंतचे अंक येत होते. पण ‘मला तहान लागली आहे’ एवढे साधे वाक्य तिला स्वतःहून जुळवता येत नव्हते. यात दोष तिचा नव्हता आणि मन लावून शिकवणाऱ्या तिच्या बाईंचाही नव्हता. आठवड्याला पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका आणि वर्षाला पस्तीस आठवडे धरले, तर वर्षाकाठी जेमतेम ४० तास होतात. एवढ्या तुटपुंज्या वेळेत मुलाला भाषेची तोंडओळख होते, भाषा येत नाही.

लहान वयात भाषा लवकर येते, असे पालकसभेत नेहमी सांगितले जाते आणि त्याचा पुरावा आपल्या शहरातच दिसतो. पूर्व भागातील विणकर कुटुंबातले मूल घरी तेलुगू बोलते, गल्लीत मराठी बोलते आणि शेजारी कन्नड किंवा उर्दू बोलणारे असतील तर शाळेत जाण्याआधीच त्या भाषाही समजू लागते. मात्र ती मुले या भाषा शिकतात, कारण त्या भाषा दिवसभर त्यांच्या कानांवर पडतात आणि त्यांच्यावाचून त्यांचे खेळणेही अडते. वर्गातील भाषेला हे बळ नसते. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासात आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी शिकू लागलेल्या मुलांची तुलना केली गेली, तेव्हा तितक्याच तासांच्या अध्यापनानंतर उशिरा सुरुवात केलेली मुले बहुतेक चाचण्यांत पुढे होती. मोठे मूल नियम समजून घेते, वाचून ताडून पाहते आणि आपल्या भाषेशी तुलना करते. वर्गात हीच शक्ती उपयोगी पडते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही जपानी, कोरियन, फ्रेंच, जर्मन अशा भाषांचा पर्याय माध्यमिक टप्प्यावर सुचवलेला आहे आणि किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. महाराष्ट्रात २००० साली इंग्रजी पहिलीपासून आली. २०२५ साली हिंदीही पहिलीपासून आणण्याचे ठरले, तेव्हा झालेल्या विरोधानंतर जूनमध्ये ते शासन निर्णय रद्द करावे लागले. कोवळ्या वयात भाषांचे ओझे वाढवू नये, हा त्या वेळचा आक्षेप मला पटला होता, आणि म्हणूनच तो फ्रेंच किंवा जर्मनच्या बाबतीत विसरणे मला योग्य वाटत नाही.

कधी शिकवावे यापेक्षाही कसे शिकवावे, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या शाळांत जपानीसुद्धा इंग्रजीच्या आधाराने शिकवण्याची पद्धत आहे. वास्तविक मराठी मुलाला ती थेट मराठीवरून अधिक सहज कळेल. ‘वाताशी वा गोहान ओ ताबेरु’ या वाक्यात शब्दांचा क्रम ‘मी भात खातो’ असाच आहे, क्रियापद शेवटी आहे आणि कर्म दाखवणारा ‘ओ’ आपल्या विभक्ती प्रत्ययासारखा नामानंतर येतो. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलालाही ही रचना ओळखीचीच वाटेल. जर्मनमध्ये ‘वेळ’ या अर्थाचा ‘त्साइट’ हा शब्द ज्या ध्वनीने सुरू होतो, तो आपल्या ‘चोर’ या शब्दातला ‘च’ आहे, ‘चार’मधला नव्हे. आपल्या मुलांना हा भेद कोणी न शिकवताच येतो, आणि वर्गात त्याचा उल्लेखही होत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

अकरावीला अनेक जण जर्मन किंवा फ्रेंच निवडतात, ती गुण मिळतात म्हणून. लेखी परीक्षेत शब्द गाळून दिलेली वाक्ये पूर्ण केली की गुण मिळत असतील, तर विद्यार्थी बोलायला शिकणार नाही, हे उघड आहे. निम्मे गुण तरी संभाषणाला असावेत. चांगला शिक्षक प्रत्येक शाळेला मिळणार नाही, हे मान्य आहे; पण शहरातील तीन-चार शाळांनी मिळून एक शिक्षक नेमणे अशक्य नाही.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत ते चीनला गेले, तेव्हा त्यांचे वय २७ होते. तिथे गेल्यावर ते चिनी भाषा शिकले आणि त्या भाषेत रुग्णांशी व सहकाऱ्यांशी बोलू लागले. त्यांना गरज होती आणि भोवती ती भाषा होती. शाळेला तसे वातावरण निर्माण करता येणार नाही, परंतु शिकण्याचे वय पहिलीतच निघून जाते ही भीती तरी त्यांच्या उदाहरणाने कमी व्हावी.

मागच्या पालकसभेत मी लेखी प्रस्ताव दिला आहे: पहिली ते चौथीच्या फ्रेंचच्या तासिका मराठी वाचनाला द्याव्यात आणि आठवीपासून आठवड्याला पाच तासिकांची एक परकीय भाषा ऐच्छिक ठेवावी. निर्णय अजून झालेला नाही. माझी मुलगी येत्या जूनमध्ये सातवीत जाईल, त्यामुळे शाळेच्या हातात अजून एक वर्ष आहे.