'भ'चा 'म'

गाण्याच्या व्हिडिओची दिग्दर्शिका सत्तावीस वर्षांची, मी पन्नाशीचा, टायटलची अक्षरं हाताने काढणारा. फोनवर तिने गाणं ऐकवलं आणि म्हणाली, "दादा, टायटलमध्ये शब्द एकच आहे. भरती." तेवढ्यावर मी काम घेतलं, पैसे मागाहून विचारले. ही खोड जुनी आहे.

व्हिडिओ असा. पहाटेची चौपाटी, बनियनवर नंबर लावून पोलीस भरतीच्या रांगेत उभी असलेली पोरं. टेप घेऊन कुणी छाती मोजतंय, न फुगवता ७९ सेंटिमीटर, फुगवून पाच जास्त. रांग लांबत जाते आणि शेवटी रांगेचीच लाट होऊन किनाऱ्यावर फुटते. पाणी ओसरतं तेव्हा वाळूवर नुसते नंबरांचे कागद. समुद्राची भरती आणि नोकरीची भरती एकाच शब्दात, हे मराठीत जमतं. हिंदीत नोकरीची 'भर्ती', समुद्राला मात्र 'ज्वार'. तरी म्युझिक कंपनीच्या माणसाने विचारलंच, "रफार देऊन भर्ती करू या का? जास्त लोकांपर्यंत जाईल." अशा माणसांशी मी वाद घालत नाही, बिल थोडं वाढवतो.

हाताने काढलेलं अक्षर पडद्यावर नुसतं ठेवलं तर मेल्यासारखं दिसतं. म्हणून तोच शब्द तीन कागदांवर तीनदा काढायचा आणि आलटून पालटून दाखवायचा. रेघ जराशी थरथरते. अ‍ॅनिमेशनवाले त्याला 'बॉइल' म्हणतात. सगळं कसब त्या थरथरीच्या मापात. लाइटबॉक्सवर हुबेहूब गिरवलं तर काही हलतच नाही, हात सैल सोडला तर अक्षराला हिवताप भरतो. मी बोरू वापरला, कारण ब्रशने भ ची गाठ बुजते. त्या गाठीच्या पोटात पांढरं टिपूस राहिलं पाहिजे, नाहीतर मोबाइलच्या पडद्यावर तिथे काळा डाग दिसतो. तीन कागद जमायला दोन दिवस गेले. बाहेरच्याला वाटतं, तीन अक्षरं तर आहेत.

मग ती म्हणाली, "शिरोरेषेची लाट होऊ दे."

मी नाही म्हणालो. आमची पिढी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगेंची अक्षरं पाहत मोठी झाली. त्यातून मी शिकलो ते हे की नाटकाचा स्वभाव अक्षराच्या चणीतून यावा. समुद्र म्हटलं की लाट आणि खून म्हटलं की रक्ताचा थेंब, हे दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्याचं काम (तोही माझ्यापेक्षा जास्त कमावतो, ते सोडा). पण ती हटली नाही, आणि काम तिचं होतं. लाट चार सेकंदांची ठरली. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन-दोन फ्रेम धरायचं, म्हणजे ४८ चित्रं. उजवीकडून, ती च्या वेलांटीवरून लाट उठते, र वर झुकते, भ वर कोसळते आणि ओसरते. लाटही अक्षरांच्याच काळ्या शाईची.

इथे मी चुकलो. शाळेत बाई बजावतात, भ च्या आणि ध च्या डोक्यावरून पूर्ण रेघ ओढायची नाही. भ ची डावी गोलाई उघडी राहिली पाहिजे, तिथेच त्याची ओळख. एकेक कागद काढताना मला माझा भ दिसत होता, कारण लाटेखाली काय आहे ते मला माहीत होतं. ३८ ते ४२ या पाच चित्रांत लाटेने ती गोलाई बुडवली होती आणि रेघ सलग झाली होती. खाली उरली गाठ, दंड आणि डावीकडची उभी रेघ.

एडिट अंधेरीत चाललं होतं. वाळूत पळालेल्या पोरांपैकी चौघांना तिने रफ कट पाहायला बोलावलं होतं. हा तिचा चांगुलपणा, नाहीतर एक्स्ट्रांना कोण बोलावतं! टायटल गेलं आणि मागून एक पोरगा म्हणाला, "सर, मधे मरती आलं."

एडिटरने मागे नेऊन थांबवलं. स्पष्ट होतं. मरती. एडिटरला मराठी वाचता येत नाही. तो म्हणाला, "क्या फरक है?"

ती खुर्चीवरून उठलीच. "दादा, हे मुद्दाम केलंत? 'ध'चा 'मा'! अहो, सगळा व्हिडिओ या दहा फ्रेममध्ये आहे!" आणि होताच. मी महिनाभर डोकं फोडलं असतं तरी सुचलं नसतं ते शाईने केलं होतं. अर्धं सेकंदही नाही, पाहणाऱ्याला कळणार नाही, फक्त टोचेल. मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू.

तो पोरगा मात्र गप्प होता. निघताना जिन्यात मला म्हणाला, "सर, माझं ग्राउंड पुढच्या आठवड्यात आहे. आई फोनवर बघणार व्हिडिओ. तेवढं मरती काढता येईल का?"

ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी, १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. हा पोरगा गाववाल्यांच्या खोलीत सहाजणांबरोबर राहून पहाटे चारला पळतो. आमच्यासाठी जे रूपक, ती त्याची तारीख होती. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "दादा, तो घाबरलाय, कळतंय मला. पण हेच तर आपण सांगतोय ना?" तिचंही चुकत नव्हतं.

त्या रात्री मी पाच कागद पुन्हा काढले. लाट केसभर खाली धरली, गोलाई पाण्याच्या वर ठेवली, स्कॅन करून त्याच नावांनी फायली पाठवल्या आणि लिहिलं, "कडा साफ केल्या आहेत." १७७३ मध्ये नारायणरावांच्या वेळी आनंदीबाईने 'धरावे'चं 'मारावे' केलं अशी आख्यायिका आहे. मी उलटं केलं, पण दुसऱ्याच्या मजकुरात गुपचूप अक्षर बदललं ते बदललंच. आता ती हे वाचेल, तर वाचू दे.

तिने काही विचारलं नाही. शेवटच्या गडबडीत लक्ष गेलं नाही, की गेलं आणि ती गप्प राहिली, हे मला अजून कळलेलं नाही. पोराचा नंबर मी घेतला नव्हता. व्हिडिओ आला, लोकांनी लाटेचं कौतुक केलं. माझ्या मते ती लाट आता नुसती लाट आहे.

पहिले पाच कागद फाइलमध्ये आहेत. परवा पुन्हा काढून पाहिले. चाळिसाव्या कागदावरचा म असा उतरलाय की मुद्दाम म काढायला बसून मला तसा कधी जमलेला नाही.