न्यूयॉर्कचा ‘नटक्रॅकर’: एडिसनहून एका दिवसात

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर लगेच सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या दिवसांपर्यंत न्यूयॉर्क सिटी बॅले एकच बॅले करते: जॉर्ज बालानशिन यांनी बसवलेला ‘नटक्रॅकर’. पहिला प्रयोग २ फेब्रुवारी १९५४ चा, आणि १९६४ पासून तो लिंकन सेंटरमधल्या आत्ताच्या थिएटरात होतो. चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराचं संगीत इथे स्टेजपुढच्या खड्ड्यात बसलेला ६२ वादकांचा ऑर्केस्ट्रा वाजवतो. तिकिटाचे निम्मे पैसे या खड्ड्याचे आहेत असं धरूनच खुर्ची निवडावी, कारण बहुतेक जण फक्त स्टेजचा विचार करतात आणि तिथेच चुकतात.

आधी पोहोचण्याचं. न्यूजर्सीतल्या एडिसन किंवा मेट्रोपार्कहून न्यूजर्सी ट्रान्झिटच्या रेल्वेने न्यूयॉर्क पेन स्टेशन, तिथून सबवेची १ नंबरची गाडी अपटाउन, म्हणजे उत्तरेच्या, दिशेने. चौथं स्टेशन म्हणजे ६६वा रस्ता, लिंकन सेंटर. हमखास गफलत होते ती पेन स्टेशनच्या सबवे फलाटावर. मुंबईच्या भाषेत १ ही स्लो, २ आणि ३ फास्ट. स्लो गाडीचे फलाट दोन्ही कडांना आहेत आणि फास्टचा मधे. मधल्या फलाटावर उतरलात की २ किंवा ३ मिळते, ती ४२व्या रस्त्यानंतर थेट ७२व्याला थांबते. तसं झालंच तर डाउनटाउनची १ धरून एक स्टेशन मागे या. शनिवार-रविवारी रुळांच्या कामामुळे गाड्या मार्ग बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी सबवेची सूचना वाचावी आणि पडदा उघडण्याच्या निदान पाऊण तास आधी लिंकन सेंटरच्या कारंज्यापाशी असावं. कारंज्यासमोर ऑपेरा हाउस, डावीकडे आपलं डेव्हिड एच. कोक थिएटर.

उशीर झाला तर मधेच खुर्चीपर्यंत सोडत नाहीत, आणि पहिल्या अंकात मध्यंतर नाही. मुलं बरोबर असतील तर बाथरूम आधी उरकून घ्या, मध्यंतराची रांग लांब असते. मध्यंतर धरून सगळा कार्यक्रम साधारण दोन तासांचा.

आता खुर्ची. तळमजल्याला इथे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणतात आणि वरच्या मजल्यांना ‘रिंग’. तळमजल्याच्या पहिल्या काही रांगांतून चेहरे छान दिसतात, पण नाचाच्या आकृत्या दिसत नाहीत, आणि मुलांपुढे मोठ्यांची डोकी येतात. फार मागे बसलात तर वरच्या रिंगचा सज्जा डोक्यावर येतो आणि नजर वर जायला अडते. आमचं मत पक्कं आहे: पहिली किंवा दुसरी रिंग, मधला भाग. तिथून खड्डाही दिसतो आणि स्टेजची जमीनही. पैसे वाचवायचे तर वरच्या रिंगच्या मधल्या खुर्च्या घ्या; कडेच्या स्वस्त खुर्च्यांतून स्टेजचा एक कोपरा कापला जातो. ख्रिसमसच्या अगदी आधीचे शनिवार-रविवार महाग असतात, सुरुवातीचे आठवड्यातले वार परवडतात. तिकीट थिएटरच्या खिडकीवर किंवा त्यांच्याच संकेतस्थळावर काढावं.

दिवे मंदावले की गप्पा थांबवा. सुरुवातीच्या छोट्या ओव्हर्चरमध्ये, म्हणजे पडद्याआधीच्या संगीतात, चेलो आणि डबल बास ही खालच्या सुरांची तंतुवाद्यं वाजतच नाहीत. खालचा खर्ज काढून घेतल्यामुळे आवाज हलका, खेळण्यासारखा होतो. रिंगमधून पाहिलंत तर ते वादक हात मांडीवर ठेवून बसलेले दिसतात. पुढे मेजवानीचा प्रवेश लांब आहे. लहान मुलं इथेच चुळबुळतात, म्हणून घरीच सांगून ठेवा की मारी या मुलीला लाकडी नटक्रॅकर, म्हणजे अक्रोड फोडणारा बाहुला, भेट मिळतो, भाऊ तो मोडतो आणि मध्यरात्री उंदरांची लढाई होते. मारी आणि राजपुत्र इथे मुलंच असतात. या संस्थेच्या नृत्यशाळेतल्या प्रत्येकी ६३ मुलांचे दोन संच आलटूनपालटून काम करतात.

घड्याळाचे बारा टोले पडले की झाडाकडे बघा. १२ फुटांचं झाड ४१ फुटांपर्यंत वाढतं, वजन सुमारे एक टन. त्या वेळी नजर झाडावर आणि कान खड्ड्यावर ठेवा: तीच छोटी सुरावट एकेक पायरी वर चढत जाते, वाद्यं वाढत जातात, आणि झाड खरं तर त्या चढण्यावर उभं राहतं. ध्वनिमुद्रणावर हे होत नाही, कारण ताशे आणि पितळी वाद्यांचा दाब छातीत जाणवावा लागतो. त्यानंतर हिमकणांचा वॉल्ट्झ: सोळा नर्तिका, वरून कागदाचा बर्फ आणि शब्दांविना मुलांचा कोरस. आकृत्या वरूनच उलगडतात, रिंग घ्या म्हणतो ते यासाठी.

मध्यंतरात खड्ड्याच्या कठड्याशी जाऊन सेलेस्टा हे वाद्य शोधा, लहान उभ्या पियानोसारखा दिसतो. आत पोलादी पट्ट्यांवर हातोड्या पडतात. ओग्युस्त म्युस्तेलने १८८६ मध्ये पॅरिसमध्ये याचं पेटंट घेतलं. त्याचं घराणं हार्मोनियम बनवणारं, म्हणजे आपल्या पेटीचं नातं इथवर पोहोचतं. चायकोव्हस्कीला पॅरिसमध्ये हे वाद्य सापडल्यावर ते इतर रशियन संगीतकारांना आधी कळू नये म्हणून त्याने प्रकाशकाला गुपित ठेवायला सांगितलं होतं.

पण वेळेत परत या. इतर बहुतेक ठिकाणी शुगरप्लम परीचा एकल नाच शेवटाकडे येतो, बालानशिनने तो दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आणला आहे. खाण्याच्या रांगेत अडकलात तर या नाचात वाजणारा सेलेस्टाच हुकतो, आणि त्याच्या किणकिणीला खालून उत्तर देणारा बास क्लॅरिनेटही. पुढे मदर जिंजर या पात्राच्या झग्याच्या नऊ फूट रुंद, ८५ पौंडी घेरातून आठ मुलं बाहेर येतात. मुलांना सर्वांत आवडतो तो हाच प्रवेश.

फुलांच्या वॉल्ट्झनंतर परीचं जोडनृत्य सुरू होतं तेव्हा काही जण कोट आवरायला लागतात. तसं करू नका. हार्पच्या साथीवर चेलो एक साधं उतरतं सप्तक धरतात, वरच्या सा पासून खालच्या सा पर्यंत, एकही सूर न गाळता, आणि त्यातून या बॅलेतली सर्वांत भरून आलेली जागा तयार होते. याच नाचात परी एका पायाच्या टोकावर स्थिर उभी राहून स्टेजवरून सरकत जाते. पायाखाली सरकती पट्टी असते, आणि ती ठाऊक असूनही श्वास रोखला जातो.

शेवटी रेनडिअरची घसरगाडी हवेत वर जाते, तेव्हाही खड्डा वाजतच असतो. वादकांना टाळ्या देऊनच उठा. परतीला डाउनटाउनची १, आणि पेन स्टेशनच्या गर्दीचा अंदाज धरून एक गाडी सोडून पुढची ठरवा.