पडवीतली चेतक: किक मारण्याआधी

वीस-पंचवीस वर्षं पडवीत उभी असलेली टू-स्ट्रोक बजाज चेतक स्कूटर दिसली, की प्रत्येकाचा पाय आधी किककडे जातो. नेमकं तेच करू नये. खाऱ्या दमट हवेत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसतात; जोर लावलात तर रिंग तुटते, सिलिंडरला चरे पडतात. स्पार्क प्लग काढून त्याच्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्मं, दोन-तीन चमचे सोडा. दोन दिवसांनी कव्हर काढून इंजिनचा पंखा हाताने पुढेमागे हलवा.

खरं तर त्याआधी पत्रा बघावा. चेतकला वेगळी चासी नाही, पत्रा हाच सांगाडा. ब्रेक पेडलपाशी आणि स्टँडच्या बोल्टांभोवती टोच्या मारा. आरपार गेला तर वेल्डिंगचा खर्च आधी धरा. चासी नंबर गंजलाय का, तेही पाहा, नाहीतर आरसीचं काम आरटीओत अडतं.

जुनं पेट्रोल सुकून चिकट थर होतो. टाकी धुवा, पेट्रोलचे कॉक-पाइप नवे घाला. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, तार खुपसू नका, भोक मोठं होतं, हवा मारा.

सगळ्यात फसवी क्रँकची ऑइल सील, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या दोन टोकांची रबरी कडी. पंख्याकडचं सील कडक झालं की बाहेरची हवा आत ओढली जाते, इंजिन आपोआप रेस होतं आणि तापून पिस्टन जाम. क्लचकडचं गेलं तर गिअरचं ऑइल जळून पांढऱ्या धुराचे लोट. इंजिन उघडावंच लागतं, तेव्हा दोन्ही बदला.

गिअरबॉक्सला एसएई ३०, २५० मिली. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल. टायर कितीही जाड दिसोत, ते फेकायचेच.