एमडेन १:३५० अपडेट: चौथं धुराडं झालं

मंडळी, पहिल्या महायुद्धातल्या एमडेन या जर्मन क्रूझरचं (वेगवान युद्धनौकेचं) १:३५० मॉडेल करतोय, त्याचा हल (जहाजाचं धड) जोडून झाला, सांध्यांवर पुट्टी भरून घासली, प्रायमरचा पहिला हात मारला. साधारण ३४ सेंटिमीटरचं लांबुडकं जहाज आहे. रेलिंगच्या फोटोएचला (पातळ धातूच्या नाजूक भागांना) अजून हात लावलेला नाही, ते डोळे फोडायचं काम, सुट्टीच्या दिवशी भर उजेडात करणार.

रंगाचं एकदाचं ठरलं. युद्धाआधी चीनमधल्या चिंगदावच्या जर्मन तळावर असताना ही पांढरीशुभ्र, धुराडी पिवळट, दिसायला तीच देखणी यात वादच नाही, पण मला १९१४चा ऑक्टोबर करायचाय म्हणजे राखाडी, आणि तीनाच्या जागी चार धुराडी. चौथं खोटं! ब्रिटिशांच्या यारमथ क्रूझरला चार होती, लांबून तीच वाटावी म्हणून लाकूड-कॅनव्हासचं एक तयार केलेलं, डोकं फर्स्ट ऑफिसर फॉन म्युकेचं. त्यांचं पहिलं सपाट झालं, बाजूने ठीक पण समोरून बघितलं तर नुसती पट्टी, मग गोलाई देऊन दुसरं केलं. मी स्प्रूच्या (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या) काड्यांवर टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून गुंडाळला, सुकल्यावर सुरकुत्या पडल्या त्या तशाच ठेवल्यात, कॅनव्हास आहे, पत्रा नाही. आणि चिकटवलं नाहीये, कारण एमडेनवरचे लोकही ते लागेल तेव्हाच उभं करायचे.

या नादात एमडेनचा कॅप्टन कार्ल फॉन म्युलर याच्याबद्दल वाचत सुटलो. जन्म १८७३, हॅनोव्हर, १८९१ला नेव्हीत. पूर्व आफ्रिकेत मलेरिया झाला तो जन्मभर पुरला. पुढे बर्लिनला ऑफिसात काम, १९१३ला एमडेन मिळाली. बोलायला अगदी कमी. पण ऑगस्ट १९१४मध्ये पगान बेटापाशी ताफ्याचा प्रमुख ॲडमिरल फॉन श्पेने सगळ्या कॅप्टनना बोलावलं तेव्हा एक क्रूझर हिंदी महासागरात सोडा हे सुचवलं यानेच, आणि मग ते काम आलंही याच्याच गळ्यात.

मद्रासवरच्या तोफमाऱ्याचं सगळ्यांना माहितीय, २२ सप्टेंबरची रात्र, बर्मा ऑइलच्या टाक्या, सव्वाशेच्या आसपास गोळे. मला मलायातल्या पेनांग बंदरावरचा हल्ला जास्त भारी वाटतो. २८ ऑक्टोबरला पहाटे हेच खोटं धुराडं लावून म्युलर बंदरात शिरला, टॉर्पेडो सोडायच्या आधी मात्र जर्मन झेंडा वर चढवला, रशियन क्रूझर झेमचुग बुडवली, बाहेर पडताना फ्रेंच युद्धनौका मुस्के बुडवली आणि तिचे वाचलेले लोक पाण्यातून वर काढून घेतले. व्यापारी जहाजांचंही तेच, आधी माणसं उतरवायची, मग जहाज बुडवायचं. लुटारू म्हणा हवं तर, पण रीत पाळणारा.

९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियन क्रूझर सिडनी आडवी आली. तिच्या तोफा ६ इंची (सुमारे १५ सेंटिमीटर), एमडेनच्या १०.५ सेंटिमीटरच्या, लांबूनच ठोकून काढलं. शेवटी म्युलरने जहाज नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकांवर चढवलं. १३४ माणसं गेली. मग माल्टात कैद, पुढे इंग्लंडला, तिथून १९१७ला भुयार खणून बाकीच्या कैद्यांबरोबर पळाला आणि सापडला. आठवणींचं पुस्तक मात्र लिहिलं नाही, म्युकेने लिहिलं, म्हणून म्युकेच जास्त माहीत आपल्याला. १९२३च्या मार्चमध्ये वारला, पन्नाशीही झाली नव्हती.

तर ब्रिजवर त्याची एक फिगर हवीच, या स्केलला जेमतेम ५ मिलिमीटर. रेझिनच्या घेऊ की स्प्रूची कोरू? आणि रिगिंगला (डोलकाठ्यांच्या दोऱ्यांना) कोणी ताणलेला स्प्रू वापरलाय का, दमट हवेत सैल पडतो की टिकतो ते सांगा, पुढच्या आठवड्यात डोलकाठ्या उभ्या करतोय.